रोज बंद होणारा कॉम्प्युटर १९ दिवस चालू कसा?

तुमच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू (म्हणजे प्रोसेसर). खाली ‘अप टाइम’ असं लिहिलेलं दिसेल आणि त्याच्याजवळ दिवस, तास, मिनिटं, सेकंद अशा क्रमाने एक आकडा पळत असेल. मशीन किती वेळ सलग चालू आहे, त्याचा हा हिशेब. रोज रात्री न चुकता शट डाउन करणाऱ्यांनाही तिथे १९ दिवस, २६ दिवस असले आकडे दिसू शकतात.

आकडा चुकलेला नाही. चुकलीय ती ‘बंद’ या शब्दाची आपली समजूत. उलगडा शेवटी करतो, कारण त्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं करते काय, हे बघायला हवं. ‘हार्डवेअर आणि वापरकर्ता यांच्यातला दुवा’ ही व्याख्या पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, डोक्यात मात्र फारसं काही शिरत नाही. मला विचाराल, तर ऑपरेटिंग सिस्टिम भास उभे करते. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटावं की अख्खं मशीन आपल्याच नावावर आहे. आपल्याला वाटावं की आत फोल्डर आहेत आणि फोल्डरमध्ये फाइली ठेवल्यात. यातलं काहीच शब्दशः खरं नाही, पण भास इतके बेमालूम असतात की एखादा फाटला तरच आपलं तिकडे लक्ष जातं. तेव्हा आपण म्हणतो, कॉम्प्युटर हँग झाला.

पडद्यावर दिसते ती नव्हेच

वॉलपेपर, आयकॉन, खालची पट्टी, स्टार्टचं बटण यालाच आपण विंडोज समजतो. एक प्रयोग करा. उघडलेली फोल्डरं बंद करा, एखादं गाणं लावा आणि टास्क मॅनेजरच्या यादीतल्या ‘विंडोज एक्स्प्लोरर’वर राइट क्लिक करून रीस्टार्ट म्हणा. खालची पट्टी गायब होईल, आयकॉन नाहीसे होतील आणि एक-दोन सेकंदांत सगळं परत जागेवर येईल. गाणं मात्र मध्ये थांबणार नाही. म्हणजे जो दर्शनी भाग पडला आणि उठला, तो इतर प्रोग्रॅमांसारखाच एक प्रोग्रॅम होता.

खरी सत्ता असते ती कर्नलकडे. कर्नल म्हणजे गाभा. मशीन चालू झाल्यावर तो मेमरीत येऊन बसतो तो शेवटपर्यंत उठत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे लिनक्स जाहीर केलं, ते काटेकोरपणे पाहिलं तर फक्त कर्नल आहे. ग्नोम, केडीई वगैरे डेस्कटॉप त्यावर वेगळे चढवतात, म्हणून लिनक्सची दोन मशीन शेजारी ठेवली तरी एकमेकांसारखी दिसतीलच असं नाही.

सुरुवातीच्या कॉम्प्युटरना असलं काही नव्हतं. एका वेळी एक प्रोग्रॅम चालायचा. तो संपला की ऑपरेटर नावाचा हाडामांसाचा माणूस पुढच्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं मशीनमध्ये घालायचा आणि तोवर ते महागडं यंत्र नुसतं उभं असायचं. १९५६ मध्ये आयबीएम ७०४ या मशीनसाठी जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी मिळून एक सॉफ्टवेअर लिहिलं. एक काम संपलं की ते पुढचं काम आपणहून सुरू करायचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वंशावळीत मूळपुरुष म्हणून बहुतेक वेळा त्याचंच नाव येतं.

दोनशे जण आणि आठ खुर्च्या

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘प्रोसेसेस’ आणि ‘थ्रेड्स’ असे दोन आकडे आहेत. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, थ्रेड म्हणजे त्याच्या आतला कामाचा एकेक धागा. तुम्ही दोनच खिडक्या उघडल्या असतील, तरी तिथे दोनशेच्या आसपास प्रोसेस आणि हजारोंनी थ्रेड दिसतील. प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणारे कोअर मात्र बहुधा चार, आठ किंवा सोळा. एवढ्यांना एकाच वेळी बसवायचं कुठे?

बसवत नाहीतच. आळीपाळीने आत घेतात. मशीनमध्ये एक टायमर असतो. तो ठरावीक वेळाने टिचकी मारतो आणि टिचकी वाजली की चालू प्रोग्रॅम जिथे असेल तिथे थांबतो, ताबा कर्नलकडे येतो. प्रोसेसरच्या आतल्या खणांत त्या क्षणी जे आकडे असतील ते कर्नल जसेच्या तसे उतरवून ठेवतो, दुसऱ्या प्रोग्रॅमचे पूर्वी उतरवलेले आकडे आणून मांडतो आणि त्याला पुढे सोडतो. एकेकाच्या वाट्याला काही मिलिसेकंद येतात. आपल्याला मध्ये थांबवलं होतं, हे थांबवलेल्याला कळतही नाही. झोपेतून उठवल्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे बोलू लागणाऱ्या माणसासारखा तो पुढे चालू लागतो.

प्रत्यक्षात यातले बहुतेक जण कशाची तरी वाट बघत पडून असतात: बटण दाबलं जाण्याची, इंटरनेटवरून काही येण्याची. म्हणून दोनशे प्रोसेस असूनही सीपीयूचा वापर दोन-तीन टक्के दिसतो.

ही सक्तीची आळीपाळी डेस्कटॉपवर बरीच उशिरा रुळली. १९९२ चं विंडोज ३.१ आणि त्या काळचे मॅकिंटॉश सगळा कारभार सामंजस्यावर चालवत. प्रोग्रॅमने आपण होऊन ताबा सोडायचा, मग दुसऱ्याने घ्यायचा. एकानेही पथारी पसरली की सगळं मशीन गोठलं. विंडोज ९५ ने नव्या, ३२ बिटच्या प्रोग्रॅमांसाठी सक्ती आणली. घरोघरच्या मॅकवर ती २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून आली.

मग आजही ‘नॉट रिस्पाँडिंग’ का येतं? कारण ती तक्रार एका प्रोग्रॅमपुरती असते. तुम्ही केलेले क्लिक, दाबलेली बटणं कर्नल त्या प्रोग्रॅमच्या दारात निरोप म्हणून ठेवत जातो आणि प्रोग्रॅमने येऊन ते उचलायचे असतात. पाच सेकंद कोणी निरोप उचलले नाहीत, की विंडोज त्या खिडकीवर फिकट पडदा ओढतं आणि ती पाटी लावतं. मॅकवर रंगीबेरंगी भिंगरी फिरू लागते. त्या वेळी माउसचा बाण मात्र आरामात फिरत असतो, कारण तो हलवणं त्या प्रोग्रॅमच्या हातात नसतंच. बाणसुद्धा हलत नसेल, तर मात्र दुखणं खोलवर आहे.

‘क’ दाबल्यावर काय होतं

कीबोर्डला ‘क’ कळत नाही. त्याला इंग्रजीही येत नाही. तो फक्त एक क्रमांक पाठवतो, अमुक जागेवरचं बटण दाबलं गेलं एवढाच. हा क्रमांक ड्रायव्हर उचलतो. ड्रायव्हर म्हणजे एकाच यंत्राची भाषा जाणणारा दुभाष्या. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम बघते की सध्या कोणती भाषा निवडली आहे. इंग्रजी असेल तर त्याच बटणाचं इंग्रजी अक्षर, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड असेल तर क. क म्हणजे तरी काय, जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यातला २३२५ हा क्रमांक. तो पुढच्या खिडकीकडे निरोप म्हणून जातो, ती खिडकी अक्षर काढण्याची विनंती करते, फॉन्टमधून आकार निघतो आणि पडद्यावर उमटतो. बोट उचलायच्या आत हे सगळं आटोपलेलं असतं. क्ष लिहून बॅकस्पेस दाबलं की बहुतेक ठिकाणी अख्खा क्ष न जाता पाय मोडलेला क् उरतो, त्याचं कारणही इथेच आहे. पडद्यावर एक अक्षर दिसत असलं तरी आत क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक असतात आणि बॅकस्पेस त्यातला शेवटचा एकच खातं.

या सगळ्यात प्रोग्रॅमने स्वतः कीबोर्डला किंवा पडद्याला हात लावलेला नाही, हे महत्त्वाचं. त्याला तो लावताच येत नाही. हे बंधन सॉफ्टवेअरच्या शिस्तीवर सोडलेलं नसून प्रोसेसरमध्येच कोरलेलं आहे. इंटेलच्या जातकुळीच्या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत. विंडोज आणि लिनक्स त्यातल्या दोनच वापरतात. सर्वांत वरच्या पायरीवर कर्नल, खालच्या पायरीवर तुमचे-आमचे प्रोग्रॅम. खालच्याने परस्पर डिस्कला हात घालायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि कर्नलला वर्दी देतो. कर्नल सहसा त्या प्रोग्रॅमचा निकाल लावून टाकतो. सरळ मार्ग एकच, विनंती करण्याचा. तिला सिस्टिम कॉल म्हणतात. नोटपॅडमध्ये सेव्ह म्हटलं की आत या नावाची फाइल उघड, हे एवढे बाइट लिही, आता बंद कर, अशा विनंत्या जातात. तुम्हाला त्या फाइलवर लिहायची मुभा आहे का, हे कर्नल तिथेच तपासतो.

ड्रायव्हर मात्र बहुधा वरच्या पायरीवर, कर्नलच्या मांडीला मांडी लावून बसतात. त्यांच्यातला एक चुकला तर त्याला एकट्याला हाकलण्याची सोय नसते. काय बिघडलंय याचा भरवसाच उरला नाही, तर पुढे चालत राहून फाइली नासवण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा विचार करून विंडोज निळा (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा) पडदा दाखवून हात वर करतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज कॉम्प्युटर एका झटक्यात असे कोसळले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. त्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर वरच्या पायरीवर बसत होता, म्हणून चुकीची किंमत अख्ख्या मशीनने मोजली.

मेमरी रिकामी ठेवू नका

रॅमच्या, म्हणजे मशीन चालू असतानाच्या कामाच्या मेमरीच्या बाबतीतला भास सर्वांत धाडसी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला शून्यापासून सुरू होणारे स्वतःचे, भलेमोठे पत्ते मिळतात. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच पत्त्यावर वेगवेगळं काही लिहू शकतात आणि टक्कर होत नाही, कारण दोन्ही पत्ते बनावट असतात. कर्नल प्रत्येकासाठी एक तक्ता ठेवतो: तुझं अमुक पान, खऱ्या रॅममधलं तमुक पान. इंटेलसारख्या प्रोसेसरवर एक पान साधारणपणे ४०९६ बाइटचं असतं. दुसऱ्याच्या खऱ्या पानाचा उल्लेख तुमच्या तक्त्यात नसतोच, त्यामुळे डोकावायचं म्हटलं तरी वाट सापडत नाही.

रॅम भरत आली की कर्नल बराच वेळ कोणी न उघडलेली पानं डिस्कवर नेऊन ठेवतो. कोणी ते पान मागितलं की त्या प्रोग्रॅमला थांबवायचं, पान परत आणायचं, मग सोडायचं. प्रोग्रॅमला याचाही पत्ता नसतो, आपल्याला मात्र लागतो. रॅममधून काही आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात, एसएसडीला (चिपांच्या, काही न फिरणाऱ्या डिस्कला) त्याच्या काही शे ते हजार पट वेळ लागतो आणि फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला जवळजवळ लाख पट. ब्राउझरचा चाळिसावा टॅब उघडल्यावर मशीन अचानक रांगू लागतं ते यामुळे. आतापर्यंत ठीक होतं आणि एका टॅबने काय बिघडलं, असं वाटतं खरं, पण त्या टॅबला रॅममध्ये जागा उरलेली नव्हती.

याच्या उलट एक गैरसमज आहे आणि त्यावर सॉफ्टवेअर विकली जातात, म्हणून थोडं चिडून लिहितो. रॅम रिकामी दिसणं ही काही आरोग्याची खूण नाही. मोकळी रॅम दिसली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात नुकत्याच वाचलेल्या फाइली ठेवून देते, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. कोणाला जागा हवी झाली की त्या क्षणात टाकून देता येतात. ‘मेमरी साफ करणारे’ प्रोग्रॅम हाच साठा उधळतात आणि वर ‘इतके जीबी वाचवले’ म्हणून पाठ थोपटून घेतात.

फोल्डर नावाची वही

डिस्कवर फोल्डर नसतात. क्रमांक दिलेले लहान लहान ठोकळे असतात, कोट्यवधी. कोणत्या नावाची फाइल कोणत्या क्रमांकांच्या ठोकळ्यांत आहे, याची नोंद ठेवणारी जी पद्धत, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजवर एनटीएफएस, मॅकवर एपीएफएस, लिनक्सवर बहुधा ईएक्सटी४. फोल्डर म्हणजे त्या नोंदवहीतलं एक पान.

हे पटवून घ्यायचं असेल तर पाच-सहा जीबीचा एखादा व्हिडिओ एका फोल्डरमधून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. पापणी लवायच्या आत काम होतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर न्यायला मिनिटं लागतात. पहिल्या वेळी व्हिडिओ जागचा हललाच नव्हता, वहीतली एक ओळ या पानावरून त्या पानावर गेली. दुसऱ्या वेळी मात्र खरोखर सगळे ठोकळे वाचून दुसरीकडे लिहावे लागले. आणि तो पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर फाइल जाणारच नाही, आत जागा कितीही असो. त्या वहीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचाच रकाना आहे, त्यात चार जीबीच्या वरचा आकडा मावत नाही.

डिलीटचंही तेच. रिसायकल बिनमध्ये गेलेली फाइल नुसती पान बदलून बसलेली असते. बिन रिकामा केला की ओळ खोडली जाते आणि ते ठोकळे ‘मोकळे’ म्हणून जाहीर होतात, पण आतला मजकूर कोणी पुसत नाही. वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच असतो. डिलीट झालेले फोटो परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर चालतात ती याच आधारावर. म्हणून हार्ड डिस्कवरून किंवा मेमरी कार्डावरून चुकून काही उडालं, तर पहिलं काम म्हणजे त्यावर आणखी काहीही न लिहिणं. आतल्या एसएसडीच्या बाबतीत आशा कमी. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम ‘हे ठोकळे आता नकोत’ असा निरोप देते आणि एसएसडी आपल्या सवडीने ते खरंच पुसून टाकते.

लिहिण्यातही एक भास आहे. ‘सेव्ह झालं’ असं दिसतं तेव्हा मजकूर कित्येकदा रॅममध्येच असतो. डिस्कवर तो थोड्या वेळाने, इतर कामांबरोबर एकगठ्ठा लिहिला जातो. पेन ड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ म्हणायचं ते यासाठी, राहिलेलं लिहून घे असा तो निरोप आहे. हल्लीचं विंडोज पेन ड्राइव्हच्या बाबतीत असं उधार ठेवणं टाळतं, तरी मी अजून इजेक्ट करतो. वीज गेली तर काय, याची सोयही केलेली असते. वहीत बदल करण्याआधी ‘मी आता असं करणार आहे’ अशी टीप लिहायची आणि मग बदल करायचा. मध्येच दिवे गेले तर चालू होताना टीप वाचून काम पुरं करता येतं, नाहीतर रद्द करता येतं.

आणखी एक गंमत. विंडोजमध्ये नवीन फोल्डर घेऊन त्याला इंग्रजीत सीओएन हे तीन अक्षरी नाव द्या. घेणार नाही. १९८१ मध्ये आलेल्या डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे नाव कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखीव होतं, ते अजून तसंच आहे. डिस्कची नावं सी या अक्षरापासून सुरू होतात, त्याचं कारणही तेवढंच जुनं: ए आणि बी ही अक्षरं जुन्या फ्लॉपी डिस्कना दिलेली होती.

आता तो आकडा

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं छोटं सॉफ्टवेअर जागं होतं. ते रॅम आणि डिस्क जागेवर आहेत ना, हे बघतं आणि डिस्कवरच्या बूटलोडरकडे काम सोपवतं. बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल ड्रायव्हर गोळा करतो, तक्ते मांडतो, पहिला प्रोग्रॅम सुरू करतो आणि त्यातून बाकीचे जन्माला येतात. वेळखाऊ भाग आहे तो ड्रायव्हर आणि तक्त्यांचा.

तो वाचवण्यासाठी २०१२ मध्ये विंडोज ८ ने ‘फास्ट स्टार्टअप’ आणलं. शट डाउन म्हटल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता, पण कर्नल आणि ड्रायव्हर संपत नाहीत. रॅममध्ये ते ज्या अवस्थेत असतील, तशीच्या तशी नक्कल डिस्कवर एका फाइलीत उतरवली जाते आणि मग वीज तुटते. सकाळी तीच नक्कल परत रॅममध्ये येते. मघाशी आळीपाळीत प्रोग्रॅमला थांबवून पुढे सोडायचे, तीच युक्ती, फक्त या वेळी झोपवलंय खुद्द कर्नलला. त्याच्या लेखी रात्र झालीच नाही. १९ दिवसांपूर्वी बावचळलेला प्रिंटरचा ड्रायव्हरही त्याच्याबरोबर तसाच बावचळलेला उठतो.

रीस्टार्टमध्ये हे होत नाही. तिथे कर्नल खरोखर संपतो आणि कोऱ्या पाटीवर नव्याने सुरू होतो, कारण रीस्टार्ट बहुधा अपडेट किंवा नवा ड्रायव्हर बसल्यावरच करतात आणि तेव्हा जुनी नक्कल उपयोगाची नसते. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी मशीन पूर्ण बंद होतं. हातातलं काम सेव्ह करून एकदा रीस्टार्ट करा आणि अप टाइम पुन्हा बघा. दिवसांच्या जागी शून्य असेल, तासांच्या जागीही, आणि मिनिटांच्या रकान्यात जेमतेम दोन किंवा तीन.